सुरतेचा निकाल आणि काळे पाणी

काळे पाणी हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनात राजबंद्यांची आठवण जागी होते. ते स्वाभाविकच आहे; सावरकर बंधूंच्या कारावासाने त्या शब्दाला जो अर्थ दिला तो आता पुसला जावयाचा नाही. परंतु १० मार्च १८५८ रोजी बंदिवानांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली, तेव्हापासून त्या बेटांवर गेलेल्यांत साध्या फौजदारी गुन्ह्यांतील माणसांचाच भरणा फार मोठा होता. स्त्रियांपुरते बोलावयाचे तर त्यांचे गुन्हे बहुधा घराच्या चार भिंतींतले असत : नवऱ्याचा खून, किंवा पोटच्या अर्भकाचा.

या दुसऱ्या प्रकारच्या एका खटल्याशी आमच्या वाङ्मयाचे नाते जडलेले आहे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस, लोकापवादाच्या भयाने आपल्या अनौरस मुलाचा जीव घेतल्याबद्दल, फाशीची शिक्षा सांगितली. अपिलात फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठरली.

ही सवलत कशी मिळाली असेल, हे समजण्यास कायदा पाहावा लागतो. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने खुनास दोनच शिक्षा ठेविल्या होत्या, फाशी अथवा जन्मठेप काळे पाणी. नवजात अर्भक मारणाऱ्या मातेसाठी निराळे, सौम्य कलम नव्हते. जन्म लपविण्यासाठी मुलाच्या प्रेताची गुपचूप विल्हेवाट लावली, एवढेच शाबीत झाले तर कमाल शिक्षा दोन वर्षांची. पण मूल जिवंत जन्मले आणि आईने ते मारले असे ठरले की एकदम फास, नाहीतर समुद्र. न्यायाधीशाला दयाच दाखवावयाची तर त्याच्या हाती काळे पाणी तेवढे उरे. मुलाचा बाप कोण, हे या कलमाला विचारावे लागत नव्हते.

आणि हे कोठे घडले? जेथे दादोबा पांडुरंगांनी, मराठी व्याकरणकर्ते म्हणून ज्यांना आपण नित्य स्मरतो त्यांनी, शिक्षक असताना दुर्गाराम मेहताजींसह १८४४ साली मानवधर्म सभा स्थापिली, त्या सुरतेत. विधवाविवाहासाठी १८६० साली जदुनाथजी महाराजांना वादाचे आव्हान देणारा कवी नर्मद याच नगरीचा. पुनर्विवाहाचा कायदा होऊनही १८८१ साली पंचवीस वर्षे लोटली होती. सुरतेला विचार ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये. विचार सभेत होता, घरात नव्हता.

पुण्याची कथा निराळी नाही. जोतीराव फुले यांनी ती १८८४ साली, बालपण सुरतेत काढलेल्या बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना सांगितली आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याने तिला फसविले. तिने अर्भक मारून विहिरीत टाकले. अंदमानला जन्मठेपेवर पाठविण्याची शिक्षा झाली ती तिला. या घटनेने अस्वस्थ होऊन जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन प्रसूत झाल्या, असे जोतीरावच सांगतात. पस्तीस हा आकडा आम्हांस लहान वाटत नाही. तितक्या स्त्रियांची विहिरीपाशी जाण्याची वेळ टळली.

येथे अंदमानच्या व्यवस्थेतील एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चांगल्या वर्तणुकीची काही वर्षे भरल्यावर तेथील बंदिवान स्त्रीस सरकारच्या परवानगीने तेथील बंदिवानाशी विवाह करता येई. वसाहत वाढावी हा सरकारचा हेतू, दयेचा त्यात भाग थोडा. तरीपण ज्या स्त्रीस स्वगृही दुसरा विवाह रूढीने नाकारला आणि त्यापायी खुनी केले, तिला तो मार्ग मोकळा व्हावा तो काळ्या पाण्याच्या पलीकडे, हे वाचून आम्ही काही काळ थबकलो.

सुरतेचा निकाल पुण्यात पोचला तो ‘पुणे वैभव’ पत्राच्या द्वारे. त्या पत्राने एका विधवेच्या निमित्ताने अवघ्या स्त्रीजातीस धारेवर धरले. त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. न्यायालयात ज्याचे नाव घेण्याची गरज पडत नाही, त्या पुरुषालाच ताराबाईंनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले, इतकेच. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. काळ्या पाण्याची शिक्षा त्याच्या वीस वर्षे आधी, १९५५ च्या कायद्याने, दंडसंहितेतून काढून टाकण्यात आली होती. ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही.