वर आलेले हाड की खाली उतरलेला खांदा?

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपर-मुलुंडकडच्या कॉलेजांत एखादा विद्यार्थी गळ्यात झोळी अडकवून येतो. थरावरून तो थेट खांद्यावर आपटलेला असतो. खांद्याच्या टोकाशी गळपट्टीचे हाड टेंगळासारखे वर आलेले दिसते. 'हाड वर सरकलंय, दाबून बसवा' हा सल्ला घरोघरी मिळतो. शरीररचनेची आकृती नीट पाहीपर्यंत आम्हालाही तसेच वाटे.

ही समजूत फार जुनी आहे. हिपॉक्रॅटिसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, बजावले आहे की ही इजा खांदा निखळल्यासारखी भासते आणि चांगले वैद्यही फसून नको ती ओढाताण करतात. उपाय दिला आहे तो हाड पट्ट्यांनी दाबण्याचा व दंड वर उचलून बांधण्याचा. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याला वयाच्या ३५ व्या वर्षी आखाड्यात हेच झाले. उस्तादाला खांदा निखळला असे वाटले. खरे निदान गेलेनने स्वतःच केले.

आता स्वतःच्या खांद्यावर बोटे ठेवा. गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या भागापासून दोनएक बोटे खाली दाबले की एक टणक टोक लागते. खांद्याच्या पात्याचा हा कावळ्याच्या चोचीसारखा वाकलेला भाग. या चोचीपासून वरच्या हाडापर्यंत एक चिवट अस्थिबंध जातो. त्याचे दोन पदर असतात : आतला शंकूसारखा, बाहेरचा समलंब चौकोनासारखा. (भूमितीच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे!) पाते आणि त्याला जोडलेला अख्खा हात या बंधाने हाडाला टांगलेला असतो. बंध तुटला की हाताचे ओझे पात्याला खाली ओढते. हाड फारसे वर जातच नाही, खांदा उतरतो. म्हणजे हिपॉक्रॅटिसच्या उपायातला दंड उचलण्याचा अर्धा भाग नेमका होता.

१९४१ मध्ये अमेरिकेतील बॉसवर्थ यांनी हाडातून चोचीत स्क्रू बसवला. पण १९४४ मध्ये इन्मन, साँडर्स व ॲबट यांनी दाखवले की हात वर नेताना हे हाड स्वतःभोवती फिरते, आणि ते फिरवण्यात हाच बंध कामी येतो. ताठ स्क्रू तिथे सैल पडे, कधी तुटे. पुढे तो काढावाही लागे. आज सौम्य इजेला झोळी आणि व्यायाम पुरतात. इजा गंभीर असेल तर शल्यचिकित्सक चोच आणि हाड यांच्यामध्ये मजबूत धाग्याचा फास किंवा स्नायुरज्जूचा तुकडा ओवतात.