नीट, जेईई, सीईटी : अभ्यास अकरावीत सुरू होतो, कागदपत्रेही तेव्हाच सुरू करा

मे-जून महिना आला की विहारात वंदना संपल्यावर पालक हातात फाईल घेऊन थांबतात. प्रश्न बहुतेक वेळा अभ्यासाचा नसतो. पोरीला सीईटीत चांगले पर्सेंटाईल आहे, पण व्हॅलिडिटी निघालेली नाही. मुलाने नीटचा फॉर्म भरताना प्रवर्गात ‘जनरल’ टाकले, कारण कॅफेवाल्याने धर्म ‘बौद्ध’ वाचून तसे सुचवले. दोन वर्षांची मेहनत अशी एका रकान्यात अडकते. म्हणून या परीक्षांची आणि त्यांना लागणाऱ्या कागदांची माहिती एका ठिकाणी देत आहे.

आधी परीक्षा. एमबीबीएस, बीडीएस आणि आयुष अभ्यासक्रमांसाठी देशभर एकच परीक्षा आहे, ती म्हणजे नीट. वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजा आता हाच आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. जेईई मेन एनआयटी व इतर केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी असते आणि तिचे सत्र वर्षातून दोनदा होते. त्यातून वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी जेईई अॅडव्हान्स्डला पात्र ठरतात व तिथून आयआयटी. राज्यातील अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी अशा अभ्यासक्रमांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी असते. तिला २०० गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीट आणि जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला हे अकरावीतच सांगायला हवे. शेवटच्या महिन्यात कळले तर तो हबकतो.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. एका पाळीत २०,००० मुले बसली आणि तुमच्या मुलीइतके किंवा तिच्याहून कमी गुण १८,००० जणांना असले, तर तिचे पर्सेंटाईल ९०. परीक्षा अनेक पाळ्यांत होते आणि प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा असतो, म्हणून ही पद्धत. नीटमध्ये अनुसूचित जातीसाठी पात्रता ४० पर्सेंटाईल आहे, खुल्या प्रवर्गासाठी ५०. पण पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नाही. सरकारी महाविद्यालयातील एससीची शेवटची जागासुद्धा पात्रतेच्या गुणांच्या खूप वर बंद होते. ‘क्वालिफाय झाला’ म्हणून पेढे वाटलेल्या घरात ऑगस्टमध्ये शांतता पसरलेली मी पाहिली आहे.

बारावीकडे दुर्लक्ष करू नका, हेही क्लासवाले सांगत नाहीत. एनआयटी-आयआयटीसाठी बारावीत ७५ टक्के (एससी-एसटीसाठी ६५ टक्के) किंवा आपल्या बोर्डात त्या प्रवर्गातील वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असणे लागते. नीटसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून एससीला ४० टक्के पुरतात.

आता फॉर्म. धर्म आणि प्रवर्ग हे दोन वेगळे रकाने आहेत. धर्मात ‘बौद्ध’ लिहायचे आणि प्रवर्गात ‘एससी’ निवडायचे. बौद्ध हे अल्पसंख्याकही आहेत, पण अल्पसंख्याक म्हणून नोंद केल्याने एससीचा हक्क आपोआप मिळत नाही. अर्जात चुकलेला प्रवर्ग दुरुस्त करायला ठरावीक काही दिवसच मिळतात. त्यानंतर हात जोडूनही उपयोग नसतो. एससीला नॉन-क्रीमीलेअर लागत नाही आणि राखीव जागेसाठी उत्पन्नाची अटही नाही. आणि एससी लिहिले म्हणून खुल्या जागेचा हक्क जात नाही. गुणवत्तेत बसल्यास खुल्या जागेवरही प्रवेश होतो.

जात प्रमाणपत्रावर जरा थांबू, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून राज्यात त्या दिल्या. केंद्रात १९९० मध्ये व्ही. पी. सिंह सरकारच्या काळात कायदा दुरुस्त झाला आणि अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना एससी मानले गेले. तरी केंद्राच्या यादीत नावे जातींची आहेत, ‘बौद्ध’ ही त्यातली जात नाही. म्हणून नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी, जेईईसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते आणि त्यावर पूर्वीच्या जातीचा उल्लेख लागतो. आपण जी जात टाकून दिली तिचेच नाव मुलाच्या कागदावर पाहताना अनेकांना यातना होतात. एका आजोबांनी मला विचारले होते, ‘मग दीक्षा कशाला घेतली?’ त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. एवढेच सांगितले की धर्माच्या रकान्यात नातवाने बौद्धच लिहिले आहे आणि जागा मात्र या कागदावर मिळणार आहे.

जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी. राज्याच्या २००० च्या अधिनियमानुसार जिल्हा जात पडताळणी समिती ते देते आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागते. एससीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. ज्या पिढीला शाळेच्या पायरीवर बसवले, तिच्याकडे शाळेचा दाखला मागणारी ही व्यवस्था आहे. दाखला नसेल तर गावचे कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची नोंद), महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे, फेरफार शोधा. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी आधीच निघालेली असेल, म्हणजे वडील, काका, आत्या किंवा चुलत भाऊ, तर ती सर्वांत भक्कम पुरावा ठरते. तिच्यासोबत वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. त्यामुळे भाऊबंदकीतले भांडण निदान या कामापुरते बाजूला ठेवा. मुंबई-पुण्यात दोन पिढ्या राहिलेल्यांनी लक्षात घ्यावे की जातीचा दाखला १९५० साली पूर्वज जिथे राहत होते त्या भागातून काढावा लागतो. रत्नागिरीचे मूळ असेल तर चकरा रत्नागिरीच्याच. त्यात महिने जातात, म्हणून अर्ज अकरावीत असतानाच करावा. महाविद्यालयाचे शिफारसपत्र लागते, तेही तेव्हाच मागून घ्या. व्हॅलिडिटी सादर करायला सरकार कधी कधी मुदतवाढ देते, पण तिच्या भरवशावर राहू नये. मुदत टळली की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि फीही त्याच दराने येते.

पैशाची मुदतही तितकीच निर्दय असते. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याची फी तांत्रिक अडचणीमुळे भरली गेली नाही आणि जागा गेली. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत भरता आले नाहीत, म्हणून त्याची आयआयटी धनबादची जागा गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश मिळवून दिला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक मुलगा पोहोचत नाही. जागा जाहीर होण्याच्या आधीच पैसे खात्यात ठेवा, फी आदल्या दिवशी भरा आणि पावती छापून घ्या.

आयआयटीत एससी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. राज्यात उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप मिळते. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी करायचा असतो. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. बार्टीने एससी विद्यार्थ्यांसाठी जेईई-नीटचे मोफत प्रशिक्षणही राबवले आहे, त्याची जाहिरात दहावीच्या निकालानंतर बार्टीच्या संकेतस्थळावर पाहत राहावी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला या बहुतेक अर्जांना लागतो. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग वाढते, तेव्हा तो आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलेले बरे.