कासरगोडच्या काजूबागा आणि उशिरा वयात आलेली पोरं

तुरीत शेंगा पोखरणारी अळी दिसली की मला अजून एन्डोसल्फान आठवतं. 35 टक्केवालं, 10 लिटर पाण्याला 20 मिली. तूर, कापूस, हरभरा, सगळ्याला तेच. स्वस्त पडायचं. 2000 च्या आसपास पंपाला पाणी आणून द्यायला माझा थोरला असायचा, वय दहा. वास यायचा म्हणून तो नाकाला रुमाल बांधायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. मग 2011 ला ते औषध बंद झालं. का बंद झालं हे गावात कोणी विचारलं नाही. दुकानदारानं दुसरी बाटली दिली, आपण ती घेतली. म्हणून आज हे लिहितोय.

गोष्ट केरळच्या कासरगोड जिल्ह्यातली, कर्नाटकच्या हद्दीला लागून. जमीन आपल्या कोकणासारखी, जांभ्याची, डोंगरउताराची. तिथं सरकारी महामंडळाच्या काजूबागा, साडेचार हजार हेक्टरच्या आसपास. काजूवर मोहोराच्या वेळी ढेकण्या येतो, कोकणातल्या बागायतदारांना सांगायला नको. डोंगरावर माणूस लावून फवारणी परवडेना, म्हणून 1970 च्या दशकात हेलिकॉप्टरनं एन्डोसल्फान मारायला सुरुवात झाली. वर्षातून दोन-तीन वेळा. हे वीस वर्षांहून जास्त चाललं.

आता बाग वर डोंगरावर आणि गावं खाली दरीत. तिथले लोक पाण्यासाठी डोंगरात आडवा बोगदा खोदतात, त्याला सुरंग म्हणतात. त्यातून झिरपणारं पाणी घरी प्यायला, तेच सुपारीच्या बागेला. फवारणीआधी विहिरी झाकून ठेवा असं सांगत. विहीर झाकता येईल हो, पण ओढा कसा झाकायचा? आणि अख्खा डोंगर?

पहिली शंका माणसांवरून नाही, जनावरांवरून आली. 1979 च्या सुमाराला वाकड्या पायांची वासरं जन्मली. श्री पद्रे नावाच्या तिथल्याच शेतकरी-पत्रकारानं त्यावर लिहिलं. शेतकऱ्यांनीच चालवलेल्या 'अडिके पत्रिके' या कन्नड मासिकाचे हेच पुढं संपादक झाले. नंतर पद्रे गावात दवाखाना चालवणारे डॉ. मोहन कुमार यांना एकाच भागात मतिमंदपणा, फिट्स, व्यंग असे फार रुग्ण दिसायला लागले. कोर्टात मात्र गेल्या त्या लीलाकुमारी अम्मा, कृषी खात्यातच नोकरीला. ज्या खात्यानं औषधं सुचवायची त्याच खात्यातल्या बाईनं 1998 ला दावा लावला. याला छाती लागते. 2000 मध्ये हेलिकॉप्टरची फवारणी थांबली.

मग अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था तपासायला आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. बागेखालच्या गावातली 10 ते 19 वर्षांची 117 शाळकरी मुलं घेतली, आणि जिथं हवाई फवारणी नव्हती अशा गावातली 90. आपण औषधाचा प्लॉट आणि कंट्रोल प्लॉट ठेवतो तसंच. हेलिकॉप्टर थांबून काही महिने झाले होते, तरी बागेखालच्या मुलांच्या रक्तात एन्डोसल्फान सरासरी 7.47 पीपीबी, दुसऱ्या गावात 1.37. पीपीबी म्हणजे किती? दहा लाख लिटरच्या शेततळ्यात एक मिली टाकली तर एक पीपीबी. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतंय.

पण मुलांच्या वयात येण्याच्या खुणा तपासल्या, तर बागेखालची मुलं त्याच वयाच्या दुसऱ्या मुलांच्या मागं होती. पुरुषपणाचा हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, कमी. आणि तो बनव म्हणून मेंदूखालच्या ग्रंथीतून जो हुकूम सुटतो, तो एलएच हार्मोन जास्त. म्हणजे मालक ओरडतोय आणि खाली काम होत नाही. हे 2003 ला छापून आलं. अंडकोष खाली न उतरणं, हर्निया असे जन्मजात दोषही तिथं जास्त दिसले, 5.1 टक्के विरुद्ध 1.1 टक्के. पण मुलं थोडी होती, त्यामुळं हा फरक आकडेशास्त्रात पक्का धरता येत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मला हा खरेपणा आवडला.

इतक्या थोड्यानं कसं, हे कापूसवाल्याला लगेच समजेल. शेजाऱ्यानं तणावर 2,4-डी मारलं आणि वारा आपल्याकडं असला, तर नुसत्या तुषारानं कपाशीची पानं भेंडीसारखी होतात. झाड मरत नाही, वळण चुकतं. 2,4-डी झाडाच्या हार्मोनची नक्कल करतं म्हणून. द्राक्षाला जीए देणारेही दोन-चार पीपीएमवर भांडतात. विष मारतं, त्याला डोस लागतो. हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्याला थोडं पुरतं, आणि वेळ महत्त्वाची. पोटातलं मूल आणि वयात येणारं पोर, या दोन वेळा सगळ्यात नाजूक. अशा रसायनांना 'एन्डोक्राइन डिसरप्टर' हे नाव 1991 ला अमेरिकेतल्या एका बैठकीत पडलं. तेव्हा कासरगोडला हेलिकॉप्टर फिरतच होतं.

यावर वाद झाला नाही असं नाही. केंद्राच्या समितीनं संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. त्या काळी जगात सगळ्यात जास्त एन्डोसल्फान बनवणारा देश आपलाच होता, तेव्हा दबावही असणार. तिथल्या प्रत्येक आजाराला हेच औषध कारण, असं मीही म्हणत नाही. पण एप्रिल 2011 मध्ये स्टॉकहोम कराराच्या देशांनी जगभर ते बंद करायचं ठरवलं आणि 13 मे 2011 ला सुप्रीम कोर्टानं भारतात उत्पादन, विक्री, वापर थांबवला. 2017 च्या जानेवारीत कोर्टानं केरळ सरकारला पीडितांना प्रत्येकी 5 लाख तीन महिन्यांत द्यायला सांगितलं. ते पैसे मिळवायलाही लोकांना पुन्हा कोर्टात जावं लागलं.

हे सगळं मी थोरल्याला वाचून दाखवलं. त्याला आता दोन मुलं आहेत, तब्येत ठणठणीत. तो एवढंच म्हणाला, "दादा, त्या रिकाम्या डब्यातनंच मी पाणी आणायचो." मला ते आठवत नव्हतं. गोठ्यामागं जाऊन पाहिलं. डबा अजून होता, तळाला गंज, आत कोंबड्यांचे दाणे.