निष्पाप साखरेचे गुऱ्हाळ

साखरेचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी आपोआप उसाकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. वेस्ट इंडिजमधील मळ्यांवर आफ्रिकी गुलामांकडून जे करवून घेतले गेले, त्यामुळे उसाचा आधुनिक इतिहास मानवी क्रौर्याचाही इतिहास झाला आहे. परंतु ऊस जेथे तग धरू शकत नाही अशा उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात साखरेची एक निराळी परंपरा नांदत आली आहे. ही साखर शेतातून येत नाही, जंगलातून येते. मेपल वृक्षाच्या खोडाला भोक पाडून त्यातून ठिबकणारा रस गोळा करायचा आणि लाकडाच्या जाळावर तो आटवत न्यायचा, एवढीच तिची प्रक्रिया. आजही व्हरमाँट, न्यूयॉर्क, ओंटारिओ, क्युबेक या भागांत हिवाळा सरता सरता अनेक घरांच्या परसात विटांची किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांची भट्टी मांडली जाते. कोणी तेलाचे जुने पिंप आडवे करून त्याचीच चूल बनवतो. वर स्टीलची उथळ कढई बसते, मागे धुराडे उभे राहते आणि वाफेचे लोट उठू लागतात.

आपल्याकडे गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळताना ज्याने पाहिला आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. पण या घरगुती भट्टीमागे एक जुना वाद धुमसत आहे. दुसऱ्याला न छळता गोडी मिळवता येते का, हा तो वाद. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घ्यायचा आहे. तो घेताना एक गोष्ट सतत जाणवते. मेपलच्या साखरेविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी साखरेचे गुणगान केले. कढईपाशी उभे कोण होते, याकडे मात्र फारच थोड्यांनी पाहिले.

प्रथम ही प्रक्रिया नीट समजून घ्यावी लागेल, कारण वादाचे मूळ तिच्यातच आहे. रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, अशी चढउतार होऊ लागली की मेपलच्या खोडात दाब निर्माण होतो व रस वाहू लागतो. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, फार तर सहाएक आठवडे हा हंगाम टिकतो. रस दिसायला पाण्यासारखाच असतो. त्यात साखर असते शेकडा दोन भागांच्या आसपास. सिरप व्हायचे तर ती शेकडा ६६ भागांपर्यंत जावी लागते. म्हणजे साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप हाती लागते. बाकीचे सारे पाणी वाफ होऊन जाते, आणि त्या वाफेसाठी लाकूड जळते. उकळणाऱ्या रसाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूहून सुमारे ४ अंश सेल्सिअस वर चढले की सिरप झाले. तेथून पुढे आटवत गेले की साखर. फेस उतू जाऊ लागला तर लोण्याचा एक थेंब टाकतात. कढईत रस कमी पडला तर पाहता पाहता तो करपतो, म्हणून भट्टीपासून हलता येत नाही. थोडक्यात, झाड जे देते ते पाणीच. त्याची साखर करतो तो जाळ, आणि जाळाशी जागणारा माणूस.

ही विद्या मूळची कोणाची? लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६८५ च्या सुमारास कॅनडातील मेपल साखरेवर एक टिपण प्रसिद्ध झाले. तेथील मूळ रहिवासी हे काम कोणाच्याही आठवणीपलीकडच्या काळापासून करत आले आहेत, असे त्यात नमूद आहे. फ्रेंच जेझुइट लाफितो याने १७२४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साखर करणाऱ्या स्त्रियांचे चित्रच दिले आहे. फ्रेंच लोक ही साखर त्या स्त्रियांहून चांगली करतात, पण ते शिकले त्यांच्याकडूनच, असेही तो सांगतो. या एका विधानात पुढच्या दोन शतकांचा इतिहास बीजरूपाने आला आहे. आधी ऋण मान्य करायचे, लगेच श्रेष्ठत्व सांगायचे आणि हळूहळू ऋणाचा उल्लेख गाळून टाकायचा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्वज्ञांमध्ये याच मुद्द्यावर वाद झाला. युरोपीय व्यापाऱ्यांकडून धातूची भांडी मिळण्यापूर्वी मूळ रहिवाशांना रस आटवून साखर करणे शक्य होते का, असा प्रश्न उपस्थित केला गेला. त्याला उत्तर देणाऱ्यांनी भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत तापलेले दगड टाकून रस उकळण्याच्या, तसेच रात्री गोठलेला बर्फाचा थर काढून टाकून रस दाट करण्याच्या पद्धतींकडे लक्ष वेधले. भूर्ज म्हटले की आपल्याला पोथ्या आठवतात. येथे त्याच जातीच्या वृक्षांची साल रसाचे द्रोण होऊन येते. वादाचा निकाल काहीही लागो, भाषेची साक्ष दुर्लक्षिता येत नाही. अनिशिनाबे लोकांच्या भाषेत साखरेच्या बनाला जो शब्द आहे, ‘इस्किगामिझिगन’, त्याचा अर्थच ‘रस आटवण्याची जागा’ असा आहे. वसंतातील एका चांद्रमासालाही याच क्रियेवरून नाव मिळाले आहे. व्यापारी अलेक्झांडर हेन्री याने १७६३ चा हंगाम सू सेंट मेरीजवळच्या अशा बनात घालवला. एप्रिलभर साखर हेच तेथील माणसांचे मुख्य अन्न होते, असे तो लिहितो.

याच लोकांमध्ये नानाबोझोची एक कथा सांगितली जाते. पोटावाटोमी वंशाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ या पुस्तकात ती दिली आहे. पूर्वी मेपलमधून दाट, तयार सिरपच वाहत असे. नानाबोझो एका गावात आला तर गाव ओस पडलेले. माणसे झाडांखाली आ वासून पहुडलेली, कामेधामे सोडून दिलेली. तेव्हा त्याने झाडांमध्ये पाणी ओतले आणि रस पातळ करून टाकला. आता गोडी हवी असेल तर आटवणे आले. चाळिसास एक हे प्रमाण या कथेत दैवी योजना होऊन येते. श्रम हा येथे शापही नाही आणि खर्चाची बाबही नाही. दान स्वीकारण्याची ती अट आहे.

या कथेशेजारी १७९१ चे एक पत्र ठेवून पाहावे. अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी ते थॉमस जेफरसन यांना उद्देशून लिहिले. गुलामगिरीविरोधी चळवळीचा तो काळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावरील बंदीचा प्रस्ताव फेटाळला होता आणि इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडिजच्या साखरेवर बहिष्कार घातला होता. रश यांचे म्हणणे असे की मेपलची साखर पुरेशी झाली तर गुलामांच्या साखरेची गरजच उरणार नाही. शेतकऱ्याकडे भांडी असतात, लाकूड असते, त्या दिवसांत शेतात दुसरे काम नसते, आणि बायको व दहा वर्षांवरील मुले हाताशी असतात. जेफरसन यांनीही १७९० मधील एका पत्रात हाच आनंद व्यक्त केला होता. काळ्यांची गुलामी लादणाऱ्या साखरेऐवजी केवळ मुलांच्या श्रमांवर होणारी साखर मिळणे, हे त्यांना वरदान वाटत होते.

या युक्तिवादाची नैतिक प्रेरणा खोटी नव्हती. पण त्याची रचना तपासली पाहिजे. बायका-मुलांचे श्रम हिशेबात धरले नाहीत, म्हणून ही साखर निष्पाप ठरते. कथेत जे श्रम गोडीला अर्थ देतात, ते पत्रात शून्य किंमतीचे होतात. ज्यांनी ही विद्या दिली त्या लोकांच्या जमिनी तर याच काळात एकामागून एक करारांनी हातच्या जात होत्या. ‘रिकामी’ म्हणून नव्या वसाहतीसाठी विकली जाणारी जंगले त्यांचीच होती. खुद्द रश यांच्या घरी विल्यम ग्रबर नावाचा गुलाम होता आणि तो १७९४ मध्ये मुक्त झाला. जेफरसन यांनी १७९१ मध्येच न्यूयॉर्क-व्हरमाँटचा दौरा केला व लाँग आयलंडच्या रोपवाटिकेतून मेपलची ६० रोपे माँटिसेलोला मागवली. ती बहुतेक जगली नाहीत. जगली असती तरी ज्या मळ्यावर निष्पाप साखर व्हायची होती, तो गुलामांच्याच श्रमांवर चालत होता.

असाच विरोधाभास आपल्या बाजूनेही दिसतो. वेस्ट इंडिजच्या साखरेला पर्याय म्हणून इंग्लंडमध्ये ‘ईस्ट इंडिया शुगर’चा पुरस्कार झाला. ही साखर गुलामांनी केलेली नाही, असे लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवणे हे सद्‌वर्तनाचे चिन्ह मानले जाऊ लागले. प्रत्यक्षात कंपनीच्या हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता निघाली ती १८४३ च्या कायद्याने. दूरच्या साखरेला निष्पाप ठरवणे नेहमीच सोपे असते.

रश यांचे स्वप्न बाजारात टिकले नाही. न्यूयॉर्कमधील ओत्सेगो सरोवराकाठी विल्यम कूपर यांनी जमिनी विकताना मेपल साखरेचा मोठा व्यापार उभारण्याचा घाट घातला होता. तो फसला. हंगाम लहरी, रस्ते चिखलाचे आणि उसाची साखर शेवटी स्वस्तच. साहित्याच्या अभ्यासकांना या अपयशात रस वाटावा तो वेगळ्या कारणाने. या कूपरांचा मुलगा म्हणजे कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर. त्याच्या ‘द पायोनियर्स’ (१८२३) या कादंबरीत साखर उकळण्याचा एक प्रसंग आहे. लाकूडतोड्या बिली कर्बी कढयांपाशी उभा आहे. एवढ्याशा छेदाने भागले असते तेथे त्याने झाडांना खोल घाव घातले आहेत, आणि न्यायाधीश टेंपल या उधळपट्टीबद्दल हळहळतात. बिलीला त्याचे काहीच वाटत नाही. वडिलांच्या पिढीने जी साखर नीतीचे प्रतीक म्हणून मिरवली, तिच्यातली हिंसा मुलाच्या कादंबरीत प्रथम दिसते. येथे जखमी होते ते झाड. कादंबरीत वृद्ध चिंगाचगूक आहे, परंतु ज्यांनी ही कला शिकवली त्या स्त्रिया कढईजवळ नाहीत. पत्र जे लपवते ते ललितकृती उघड करते हे खरे. पण तिचेही काही झाकलेले कोपरे असतात.

आता पुन्हा भट्टीकडे वळू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मेपलच्या बनात लोखंडी कढया एका रांगेत टांगून रस एकीतून दुसरीत ओततात. उसाच्या मळ्यांवरही लहान होत जाणाऱ्या कढयांची अशीच रांग असे, आणि उकळत्या रसाची पळी चालवणारे हात गुलामांचे असत. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बेर रिलिय या मिश्रवंशीय, स्वतंत्र अभियंत्याने १८४३ व १८४६ मध्ये एका भांड्याच्या वाफेवर दुसरे भांडे तापवणाऱ्या बाष्पीभवन यंत्राची पेटंटे मिळवली. त्याने इंधन वाचले आणि त्या धोकादायक ओताओतीची गरज उरली नाही. हे यंत्र बसले मात्र लुइझियानाच्या गुलाम राबवणाऱ्या कारखान्यांत. मेपलच्या बनांतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल कढया जाऊन उथळ, कप्प्यांच्या कढया आल्या. एका टोकाला ताजा रस शिरतो, वळणे घेत दाट होतो आणि दुसऱ्या टोकाला सिरप काढून घेतले जाते. आजच्या घरगुती भट्टीचे तत्त्व हेच. रसाची खोली कमी आणि पृष्ठभाग मोठा, म्हणजे वाफ लवकर सुटते. १८९० मध्ये अमेरिकेने कच्च्या साखरेवरील आयातकर उठवला, उसाची साखर आणखी स्वस्त झाली, आणि मेपल साखरेची जागा हळूहळू मेपल सिरपने घेतली. रोजचे अन्न होते ते चैनीचे खाणे झाले.

विसाव्या शतकात या भट्टीला नवा अर्थ दिला तो स्कॉट व हेलन निअरिंग यांनी. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या स्कॉट यांना १९१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढून टाकले होते. बालमजुरीविरुद्धचा त्यांचा प्रचार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. १९३२ मध्ये हे दांपत्य व्हरमाँटला गेले आणि मेपलवर उपजीविका करू लागले. १९५० मध्ये त्यांनी ‘द मेपल शुगर बुक’ लिहिले. त्यात मूळ रहिवाशांविषयीच्या जुन्या नोंदी त्यांनी परिश्रमपूर्वक गोळा केल्या आहेत. मुलांच्या फुकट श्रमांवर रश यांनी जी साखर निष्पाप ठरवली होती, तीच आता बालमजुरीच्या एका विरोधकाने स्वतःच्या हातांनी आटवायला घेतली, हा काव्यात्म न्यायच म्हणायचा.

म्हणून घरगुती भट्टीकडे केवळ हौस म्हणून पाहणे अपुरे ठरते. आज बहुतेक सिरप क्युबेकमधून येते. नळ्यांच्या जाळ्यांतून रस वाहतो आणि यंत्रे उकळण्यापूर्वीच त्यातले पुष्कळसे पाणी गाळून काढतात. अशा काळात पिंपाच्या चुलीवर दिवसभर लाकडे सारत बसणे हिशेबात बसत नाही. पण न बसणारा तो हिशेबच येथे महत्त्वाचा आहे. एका लिटरमागे चाळीस लिटर हे प्रमाण पुस्तकात वाचणे वेगळे आणि धुराने डोळे चुरचुरत असताना ते अनुभवणे वेगळे. असा अनुभव घेतलेल्या माणसाला साखर स्वस्त असते यावर विश्वास ठेवणे अवघड जाते. जी स्वस्त मिळते तिची किंमत कोणीतरी दुसरे चुकवत असणार, हे त्याच्या ध्यानात येते.

अर्थात यामुळे ही साखर निष्पाप होत नाही. झाडे कोणाच्या जमिनीवर उभी आहेत हा प्रश्न उरतोच, आणि लाकूड जळते तेही कोणत्या तरी झाडाचेच. नानाबोझोच्या कथेचे मोठेपण असे की ती निष्पापपणाचे आश्वासन देतच नाही. ती एवढेच सांगते की रसात पाणी आहे, आणि ते आटवणे ज्याचे त्याने करायचे आहे.