बाटली आधी की विचार?

१ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली, तेव्हा मी मूलला अकरावीत होतो. मोठेबाबांची सुटली. २०२१ मध्ये बंदी उठली, आणि तेही पुन्हा सुरू झाले. "त्याच्याशिवाय झोपच नाही येत ना!"

मानसशास्त्र वाचायला लागलो तेव्हा कळलं, हा वाद जुनाच. जॉन वॉटसनने १९१३ मध्ये मांडलं: मन दिसत नाही, वागणं दिसतं, अभ्यास त्याचाच करा. वर्तनोपचार याच वाटेने आले. सवय शिकलेली असते, म्हणून परिस्थिती आणि परिणाम बदलून ती मोडता येते. बंदीचा हिशेबही थोडाफार हाच.

१९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसने दुसरं टोक धरलं. त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या समजुतीतून होतो. 'झोप आलीच पाहिजे, नाहीतर सहनच होणार नाही' ही समजूत खोडायची. मुंबईच्या किशोर फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, ही पद्धत आपल्याकडे रुजवली.

गंमत म्हणजे तरुणपणी एलिस बायकांशी बोलायला घाबरायचा. मग ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन शंभरेक जणींशी मुद्दाम बोलला. एक भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण भीती गेली. १९९३ मध्ये त्याने आपल्या पद्धतीच्या नावातच 'वर्तन' घातलं.

त्याच वर्षी शेजारच्या गडचिरोलीत दारूबंदी झाली, ती अजून आहे. तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' गावातली विक्री थांबवायला झटतं, व्यसनींवर उपचारही करतं.

परवा मोठेबाबांना विचारलं, "एक रात्र नाही आली झोप, तर काय होईल?"

ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.