फिरतीची नोकरी, पावसाळी ताप आणि एक दिवा

१/ फिरतीच्या नोकरीत प्रकृती कशी सांभाळावी, हा प्रश्न आपण सहसा आहार, झोप आणि व्यायाम यांच्याशी जोडतो. दोनशे वर्षांपूर्वी भारतभूमीची मोजणी करणाऱ्या एका खात्याला हाच प्रश्न माणसांचे जीव गमावत सोडवावा लागला. त्याचे उत्तर अखेर सापडले ते कामाच्या वेळापत्रकात. त्याची ही कथा.

२/ १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्बटन याने सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला. तिच्या दोन टोकांपासून दूरच्या खुणेकडे कोन मोजायचे, त्रिकोण पुरा करायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा, अशी ही पद्धत होती. पुढे हेच काम 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' या नावाने ओळखले गेले.

३/ या नोकरीत घर असे नव्हतेच. कोन मोजण्याचा मुख्य थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता आणि तो माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यावर चढवावा लागे. त्याच्यामागून तंबू, शिधा, खलाशी, निशाणवाले, हमाल आणि पहारेकरी असा सारा लवाजमा चाले. निशाणवाल्यांची एक तुकडी आधीच पुढच्या डोंगरावर जाऊन, झाडी तोडून, खूण उभारून वाट पाहत बसे.

४/ खरी मेख ऋतूत होती. वीस-तीस मैलांवरचे निशाण दुर्बिणीतून स्पष्ट दिसले पाहिजे. उन्हाळ्यात धुळीचा पडदा आणि तापलेल्या हवेची थरथर आड येई. पावसाने हवा धुऊन निघाली की क्षितिज लख्ख दिसे. म्हणून लॅम्बटनने निरीक्षणासाठी मुख्यतः पावसाळाच धरला. नजरेला सर्वांत सोयीचा असलेला हा काळ शरीराला मात्र सर्वांत घातक होता.

५/ १८१८ च्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्बटनचा मुख्य साहाय्यक म्हणून हैदराबादेस रुजू झाला. तिशीही न गाठलेला, कामाचा हावरा आणि स्वभावाने तापट. दुसऱ्याच वर्षी त्याच्याकडे कृष्णा आणि गोदावरी यांच्या दरम्यानचा अरण्यमय प्रदेश सोपवण्यात आला. त्याच्यासोबत खात्याचा वैद्य व भूगर्भज्ञ हेन्री व्हॉयसे हाही होता.

६/ तेथील येल्लापुरमच्या रानात पावसाळ्यामागोमाग तापाने छावणी गाठली. अवघ्या काही दिवसांत सुमारे दीडशे माणसे अंथरुणाला खिळली. एव्हरेस्ट आणि वैद्य व्हॉयसे हेही त्यातून सुटले नाहीत. हैदराबादेहून हत्ती, डोल्या, जे मिळेल ते वाहन पाठवून सर्वांना परत आणावे लागले. वाटेतच पंधरा जण दगावले.

७/ एव्हरेस्टने या तापाला टायफस म्हटले. वर्णनावरून तो हिवताप असावा, असे आज मानले जाते. कुजलेल्या पानांतून उठणारी दूषित हवा तापाला कारण होते, अशी तेव्हाची समजूत होती. रक्त काढणे, जळवा लावणे आणि पारायुक्त कॅलोमेल देणे हे प्रचलित उपचार. कुनैन प्रयोगशाळेत वेगळे काढले गेले तेच मुळी १८२० साली.

८/ बरा होताच एव्हरेस्ट त्याच मुलखात परतला आणि पुन्हा आजारी पडला. १८२० च्या अखेरीस त्याला हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला जावे लागले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना अशी रजा मिळे. डोंगरावर निशाण धरून बसणाऱ्या खलाशाला समुद्रापारचा हवापालट नव्हता. एकाच तापाचे हे दोन निरनिराळे हिशेब होते.

९/ २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादेहून नागपूरकडे जाताना वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे लॅम्बटनचा देहान्त झाला. वय सत्तरीच्या आसपास, छाती खोकल्याने पोखरलेली. वीस वर्षे मोजणीमागे फिरलेला हा माणूस फिरतीवरच गेला. त्याची कबर आजही हिंगणघाटात आहे.

१०/ सूत्रे एव्हरेस्टकडे आली, पण शरीर साथ देईना. तापाने हातपाय इतके लुळे पडले की निरीक्षणाच्या वेळी दोन माणसे त्याला उचलून खुर्चीत बसवीत आणि पुन्हा उचलून बाहेर काढीत. यंत्राचा स्क्रू फिरवायचा तर हाताला आधार द्यावा लागे. तशाही स्थितीत त्याने मध्य भारतातील सिरोंजपर्यंत काम नेले आणि १८२५ साली रजेवर मायदेश गाठला.

११/ पण या खडतर वर्षांतच त्याच्या हाती एक किल्ली लागली होती. पावसाळ्याखेरीज दिवसा खुणा दिसत नाहीत, तर रात्री दिवे लावून पाहावे. रात्री हवा स्थिर असते. शिवाय जमिनीलगतच्या थंड थरांतून जाताना प्रकाशकिरण अधिक वाकतात, त्यामुळे दिवसा क्षितिजाआड असलेली खूणही रात्री वर उचलल्यासारखी दिसते. निशाणाच्या जागी दिवा आला आणि पावसाळ्याची सक्ती संपली.

१२/ १८३० मध्ये एव्हरेस्ट सर्व्हेयर जनरल होऊन परतला, तो नवी साधने घेऊनच. रात्रीसाठी परावर्तक बसवलेले दिवे, दिवसासाठी आरशाने सूर्यकिरण दूर फेकणारा हेलिओट्रोप. गंगा-यमुनेच्या सपाट प्रदेशात दृष्टी पोहोचावी म्हणून सुमारे पन्नास फूट उंचीचे पक्के मनोरे उभारण्यात आले. आता कोरड्या आणि थंड महिन्यांत काम करता येऊ लागले.

१३/ याने सारे आलबेल झाले, असे मात्र नाही. एव्हरेस्ट स्वतः पुढेही वारंवार आजारी पडत राहिला. तो १८४३ मध्ये निवृत्त झाला. नंतर नेपाळने प्रवेश नाकारल्यामुळे हिमशिखरांची निरीक्षणे तराईच्या काठाने करावी लागली. तेथे ऋतू निवडता आला, जागा निवडता आली नाही. त्या दलदलीतील तापाने अनेक बळी घेतले. ज्या शिखराला १८६५ मध्ये एव्हरेस्टचे नाव मिळाले, त्याच्या मोजणीमागे हीही किंमत आहे.

१४/ तापाचे कारण उमगायला आणखी काही दशके जावी लागली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याला डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला. येल्लापुरमच्या रुग्णांना ज्या हैदराबादेत आणले गेले, त्याच शहराला लागून असलेली ही छावणी. दोन्ही घटनांत जागेचे अंतर काही मैलांचे, काळाचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

१५/ म्हणजे डास दोषी आहे हे ठाऊक नसतानाही धोका कमी करता आला. पावसात भिजत राहण्याची जी सक्ती सहनशक्तीची कसोटी मानली जात होती, ती एका दिव्याने अनावश्यक ठरवली. फिरतीवरच्या माणसाला काटक होण्याचा उपदेश करणे सोपे असते. त्याला त्या ऋतूत, त्या जागी पाठवण्याची गरज खरोखर आहे का, हे विचारणे अवघड असते. येल्लापुरमच्या वाटेवर दगावलेल्या पंधरा जणांच्या बाबतीत तो प्रश्न उशिरा विचारला गेला.