दोन हात पुरेत

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एकच प्रश्न असतो: पोराला डॉक्टर करायचं की इंजिनियर? जणू जीवशास्त्र आणि गणित ही एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन घराणीच. या भिंतीच्या मधोमध उभी असलेली बायोमेडिकल इंजिनियरिंग नावाची शाखा पुष्कळ पालकांना ठाऊकही नसते. तिच्या जुन्या इतिहासातली एक हकीकत आज सांगतो.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तिथे विल्यम कौवेनहोव्हन (जन्म १८८६) हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विजेच्या तारांवर काम करणारी माणसं झटका बसून मरत, म्हणून वीज कंपन्यांनी १९२८ च्या सुमारास संशोधनाला पैसा दिला. विजेच्या झटक्याने हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही. कौवेनहोव्हन आणि त्यांच्या वैद्यक शाखेतल्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये कुत्र्यांवर दाखवून दिलं की वेळेत दुसरा झटका दिला तर ही थरथर थांबून ठोके पूर्ववत होऊ शकतात. काट्याने काटा काढावा तसं.

पुढे हे गृहस्थ निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन त्यांनी पुन्हा प्रयोग मांडले. छाती न उघडता झटका देणारं यंत्र त्यांना करायचं होतं. हाताखाली गाय निकरबॉकर नावाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. १९५८ साली एका प्रयोगात त्याच्या लक्षात आलं की झटका देण्यापूर्वी जड इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर दाबून धरले की रक्तदाबाची रेघ किंचित वर उचलली जाते. वीज अजून सोडलेलीच नव्हती! मग ही उचल नुसत्या दाबण्याची.

त्यापूर्वी हृदय बंद पडलं तर सर्जन छाती उघडून ते हाताने दाबत. म्हणजे जगण्याची आशा बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच. जेम्स ज्यूड या तरुण सर्जनला विद्यार्थ्याच्या निरीक्षणाचं मोल कळलं. १९५९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबलेली एक स्त्री केवळ छाती दाबून वाचली. जुलै १९६० मध्ये तिघांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यात २० रुग्ण होते, पैकी १४ वाचले. हे बहुतेक रुग्णालयातले रुग्ण. रस्त्यावर कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत यश आजही पुष्कळ कमी असतं, हेही सांगायला हवं. पण यंत्र हाताशी नसलं तरी दोन हात पुरेत, ही गोष्ट तेव्हा नवी होती. त्याच शहरात पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध केली होती. दोन्हींची जोड मिळून आजचं सीपीआर झालं.

गंमत अशी, की जर्मनीत गटिंगेनच्या फ्रीडरिश मास यांनी १८९२ मध्येच छाती दाबून रुग्ण वाचवल्याचं लिहून ठेवलं होतं. ते विस्मरणात गेलं. माझ्या मते फरक इतकाच, की बाल्टिमोरला रक्तदाबाची रेघ काढणारं उपकरण होतं, ती वाचणारा विद्यार्थी होता आणि त्याचं ऐकून घेणारी मोठी माणसं होती. निबंधावर त्या विद्यार्थ्याचंही नाव आहे. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहिलेल्या मला याचं फार अप्रूप वाटतं. वर्गातल्या मुलाचं 'सर, इथे काहीतरी वेगळं दिसतंय' हे वाक्य पोर्शन संपवण्याच्या घाईत किती वेळा हवेत विरतं!

हॉपकिन्सने १९६९ मध्ये या इंजिनियरला वैद्यकाची मानद पदवी दिली.

असो. नातवंडं अशा शाखेचं नाव काढतील तेव्हा 'यात स्कोप काय?' एवढंच विचारू नका. आणि आपण वडीलधाऱ्यांनीही छाती दाबायला रीतसर शिकून घ्यावं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि आधी कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून.